सुपरवायझर नेमतात, शिकवत कोणी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्योगांवरचे कुठलेही भाषण १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथे काढलेल्या सायकलच्या दुकानापासून सुरू होते आणि 'पण हल्ली माणसेच मिळत नाहीत' या वाक्यावर येऊन थांबते. दुकानाचा अभिमान रास्त आहे. माणसांची तक्रार मात्र एकदा तपासून घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांत (ओतकामाच्या कारखान्यांत) आणि मशीन शॉपमध्ये माणसे कमी पडतात हे खरेच. पण जी कामावर आहेत त्यांच्या आठ तासांतला किती वेळ वाट बघण्यात जातो, हे विचारले तर फार थोड्या ठिकाणी उत्तर कागदावर सापडते. क्यूसीची, म्हणजे नग तपासणाऱ्याची वाट, क्रेनची वाट, टिपची, म्हणजे मशीनच्या कापणाऱ्या टोकाची वाट, आणि 'साहेबांना विचारून सांगतो' याची वाट. ही वाट बघणे कमी करायचे काम सुपरवायझरचे. त्याला नेमण्यापलीकडे आपण त्याच्यासाठी काही करत नाही.

नेमणूक कशी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. शॉपमधला सर्वांत हुशार ऑपरेटर किंवा मोल्डर (वाळूचे साचे करणारा) हेरायचा, पगारात थोडी वाढ द्यायची, शर्टाचा रंग बदलायचा आणि सोमवारपासून 'आता तू बघ' म्हणायचे. त्याला मशीन येते, वाळू हाताला लागली की कळते, पण आठ माणसांना काम लावून देणे, नवख्याला शिकवणे, चूक झाली तेव्हा कसे बोलायचे, यातले काहीच कोणी सांगितलेले नसते. मग त्याला जे येते ते तो करतो. मशीन अडले की स्वतः आत डोके घालतो. तिथे चाळीस मिनिटे जातात आणि उरलेली सात मशीन वाऱ्यावर. मालक लांबून बघतात आणि खूश होतात, की पोरगा स्वतः हात घालतो!

या त्रासावर नवा शोध लावायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या काळात, अमेरिकेतल्या कारखान्यांत नवशिक्यांचे लोंढे आले तेव्हा तिथल्या सरकारने नेमका सुपरवायझरसाठी एक अभ्यासक्रम काढला. काम कसे शिकवावे, पद्धत कशी सुधारावी, माणसांशी कसे वागावे, असे त्याचे भाग होते. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि तिथल्या वाहन कारखान्यांच्या शिस्तीत मुरला. पुढे जे लिहिले आहे त्यातला बराच भाग त्याच मुशीतला आहे, आपल्याकडच्या शॉपला बेतून घेतलेला.

सुरुवात पाळी बदलण्यापासून करावी. आपल्याकडे जाणारी पाळी हात धुवायला आणि येणारी पाळी कपडे बदलायला एकाच वेळी जाते. दोघांची गाठ पडते ती स्कूटर स्टँडवर. मशीनवर काय चालले होते हे येणाऱ्याला शेवटी मशीनच सांगते, तेही नग बाद करून. यासाठी दोन्ही सुपरवायझर आणि नाजूक मशीनवरचे ऑपरेटर निदान दहा मिनिटे एकत्र असले पाहिजेत. या दहा मिनिटांचे पैसे द्यावेत. फुकट मागितलेली शिस्त पंधरा दिवस टिकते.

बोलणे केबिनमध्ये बसून नको, मशीनसमोर उभे राहून व्हावे, आणि क्रम ठरलेला असावा. आधी धोका: कुठले गार्ड काढलेले आहे, कुठला स्लिंग तुटायला आला आहे. मग माप, मग मशीनचा आवाज-गळती, मग माल किती शिल्लक आणि पुढचा जॉब कोणता, शेवटी माणसे. 'किती निघाले?' हा प्रश्न पहिला आला की बाकीचे चार विषय निघतच नाहीत. रजिस्टर बांधीव असावे, सुट्या कागदांचे नको, आणि त्यात 'सर्व ठीक' लिहायला मनाई असावी. ४२ मिलिमीटरच्या एच-७ बोअरची, म्हणजे त्या मापश्रेणीतल्या भोकाची, मर्यादा ४२.००० ते ४२.०२५ मिलिमीटर असते. जाणाऱ्याने 'शेवटचा नग ४२.००६, टिप झिजत आली' असे लिहिले तर येणारा पहिल्या पाच मिनिटांत टिप किंवा ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बघतो. 'सर्व ठीक' वाचले तर तो तसाच चालू करतो, बोअर हळूहळू आवळत जातो, आणि तासाभराने क्यूसीने अडवलेले नग पुन्हा मशीनवर चढवावे लागतात. शिवाय ते पुन्हा चढवताना भोकाचे सेंटर सरकण्याची भीती वेगळीच.

दुसरी सवय तासाच्या फळ्याची. प्रत्येक मशीनजवळ किंवा लाइनच्या टोकाला एक पांढरा फळा: तास, ठरलेले नग, झालेले नग, फरक, कारण. रकाने एवढेच, जास्त केले की भरले जात नाहीत. उदाहरण म्हणून असा जॉब घ्या, ज्याला चढवणे-उतरवणे धरून चार मिनिटे लागतात. ४८० मिनिटांच्या पाळीतून जेवणाची ३० वजा केली की ४५० उरतात, म्हणजे ११२ नग निघायला हवेत. निघाले ८४. तुटले २८ नग, म्हणजे ११२ मिनिटे. पाळी संपल्यावर विचारले तर उत्तर येते 'मशीन प्रॉब्लेम'. तासातासाला लिहिले असेल तर वेगळेच चित्र दिसते: पहिला नग पास व्हायला २५ मिनिटे, कास्टिंगची (ओतीव नगांची) पेटी यायला ३५, टिप आणि ॲलन की शोधण्यात २०, कूलंट भरण्यात १२, आणि २० मिनिटांचा हिशोब लागत नाही. पहिल्या चारांत मशीनचा दोष एकही नाही. आणि पेटी वेळेवर आणून ठेवणे एवढ्या एकाच गोष्टीने आठ-नऊ नग परत येतात, त्याला ना नवीन मशीन लागते ना नवीन माणूस.

फळा बिघडतो कसा तेही सांगितले पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी तो महिन्याभरात शोभेचा होतो. एक, तो पाळी संपताना एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एकदम भरला जातो. सुपरवायझरने दर तासाला फिरताना फळ्यावर आद्याक्षर टाकले की हे थांबते. दोन, कारणाच्या रकान्यावरून ऑपरेटरला झापले जाते. पुढच्या तासापासून तो खरे लिहीत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. तीन, लिहिलेल्या कारणावर कोणी काही करत नाही. 'पेटी उशिरा' हे सलग सहा दिवस लिहून पेटी उशिराच येत असेल तर सातव्या दिवशी माणूस लिहिणे सोडतो. म्हणून दर शनिवारी आठवड्याची कारणे मोजावीत, मिनिटांनुसार उतरत्या क्रमाने मांडावीत आणि वरची एकच हातात घ्यावी. सगळी कारणे एकदम धरली की एकही सुटत नाही.

ग्राहकाच्या ऑडिटला दाखवायचा ओईईचा, म्हणजे मशीनच्या वेळेतला किती टक्के वेळ चांगले नग काढण्यात गेला याचा, आकडाही याच फळ्यातून निघतो. वरच्या उदाहरणात ८४ पैकी ८० नग पास झाले असतील तर ८० गुणिले ४ म्हणजे ३२० मिनिटे. ती ४५० ने भागली की साधारण ७१ टक्के. आता कोणी शहाणपणा करून जॉबची वेळ चारऐवजी पाच मिनिटे लिहिली, तर तेच ८० नग ८९ टक्के दाखवतात. ऑडिट सुखरूप पार पडते आणि दर तासाला जाणारे तीन नग कायमचे लपतात. ठरलेली वेळ वर्षातून दोनदा तरी घड्याळ लावून, तीन वेगवेगळ्या ऑपरेटरांवर, दहा-दहा नग मोजून तपासावी.

फाउंड्रीत हे प्रकरण आणखी महाग पडते, कारण तिथे वाट बघणारा माणूस नसतो, वितळलेले लोखंड असते. इंडक्शन फर्नेसला एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. हीट, म्हणजे एका वेळचा वितळलेला धातू, तयार आणि साचे अपुरे, असे झाले की धातू नुसता गरम ठेवायला वीज जळत राहते. वर झाकण उघडे असेल तर आणखी. मग घाईघाईत ओतले जाते, उरलेला धातू पिग होतो, म्हणजे पुन्हा वितळवण्यासाठी लाद्यांत ओतला जातो, आणि त्याला उद्या पुन्हा तेवढीच वीज. याचे मूळ बहुधा एका सवयीत असते: मोल्डिंगचा सुपरवायझर 'होत आले' म्हणतो आणि मेल्टिंगवाला ते खरे मानतो. नियम साधा ठेवावा. ५०० किलोची हीट असेल आणि रनर-रायझर (साच्यातल्या धातूच्या वाटा आणि जादा साठे) धरून एका साच्याला १८ किलो लागत असतील तर २७ साचे हवेत. शेवटचे तापमान चढवायच्या आधी सुपरवायझरने बंद केलेले, क्लॅम्प लावलेले साचे स्वतः चालत जाऊन मोजायचे आणि संख्या फर्नेसच्या पाटीवर खडूने लिहायची. विसाच्या खाली असेल, म्हणजे उरलेले साचे तापमान चढेपर्यंत होण्यासारखे नसतील, तर चढवायचे नाही. 'होत आले' हा शब्द त्या पाटीवर बसत नाही.

एसजी आयर्नमध्ये, म्हणजे ज्यातले ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते त्या लोखंडात, तर घड्याळच राजा. हे गोळे घडवणारी मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर त्याचा गुण मिनिटामिनिटाला उतरत जातो. साधारण दहा मिनिटांच्या आत शेवटचा साचा भरला पाहिजे. लॅडलवर (धातू ओतायच्या भांड्यावर) प्रक्रियेची वेळ खडूने लिहावी. वेळ उलटली तर उरलेला धातू पिग करावा. आणि इथे नेतृत्वाचा खरा प्रश्न येतो. पिग करण्याचा निर्णय कोणाचा? मालकांना फोन लावून विचारायचा असेल तर फोन लागेपर्यंत तो ओतला गेलेला असतो. एकदा पिग केला म्हणून सुपरवायझरने बोलणी खाल्ली असतील तर पुढच्या वेळी तो गुपचूप ओततो. ग्रॅफाइटचे गोळे नीट बनले नाहीत हे मग पुढे कुठेतरी, मशीनिंगचे पैसे खर्चून झाल्यावर, बहुधा ग्राहकाच्या दारात कळते. पावसाळ्यातही तसेच. कोअर (नगातल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) बसवून साचा रात्रभर ठेवला की कोअर दमट होतो आणि सकाळी नगात ब्लो-होल (वायूची भोके) येतात. तो साचा सकाळी मोडायचा की नाही, हे जागेवरच्या माणसाला ठरवता आले पाहिजे.

म्हणून प्रत्येक कारखान्यात एक पानाची यादी असावी: सुपरवायझरने कोणालाही न विचारता करायच्या गोष्टी. धोका दिसला तर लाइन थांबवणे. वेळ उलटलेला धातू पिग करणे. टिप ठरलेल्या नगांआधी बदलणे. दोन माणसांच्या जागा बदलणे. हजार-दोन हजारांपर्यंतची किरकोळ खरेदी. खाली मालकांची सही, आणि कागद भिंतीवर. या यादीत जे नाही ते विचारून करायचे, आणि जे आहे त्याबद्दल नंतर बोल लावायचा नाही. ही दुसरी अट पाळणे पहिल्यापेक्षा जड जाते, हे आम्ही समजून आहोत.

मालकांच्या सवयीबद्दल बोलायलाच हवे, कारण सगळा दोष सुपरवायझरच्या माथी मारणे सोपे असते. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून ग्राहकाचा फोन येतो, मालक शॉपमध्ये येतात आणि चालू जॉब उतरवून दुसरा चढवायला सांगतात. दुपारी दुसरा फोन, तिसरा जॉब. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एका सेटिंगला दीड तास लागत असेल तर दिवसात असे दोन बदल म्हणजे त्या मशीनचे तीन तास गेले, आणि अर्धवट उतरवलेल्या जॉबचे नग कोपऱ्यात धूळ खात पडले ते वेगळेच. आज आणि उद्या या दोन दिवसांचा कार्यक्रम गोठवावा. त्यात खरोखरच काही घुसवायचे असेल तर दुपारी चारच्या उभ्या बैठकीतच, आणि घुसवणाऱ्याने कोणता जॉब मागे जाईल व त्याच्या ग्राहकाला कोण कळवेल हे स्वतःच्या हाताने लिहावे. लिहायची वेळ आली की निम्मे 'अर्जंट' थंडावतात.

सेटिंगचा वेळही कमी होतो, आणि त्याला खर्च फारसा नाही. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी मांडलेली गोष्ट अशी: मशीन थांबवूनच करता येते ते काम वेगळे काढायचे आणि मशीन चालू असताना आधीच उरकता येते ते वेगळे. एका सेटिंगचे मोबाइलवर सलग चित्रण करावे, ऑपरेटरला आधी सांगून आणि त्याच्या शेजारी बसून ते बघावे. दिसते काय? पाना आणायला चार फेऱ्या, सॉफ्ट जॉ (नग पकडायचे जबडे) शोधणे, ड्रॉइंग ऑफिसमधून आणणे, बोअर गेज दुसऱ्या मशीनवर. यातले एकही काम मशीन थांबवून करायचे नाही. प्रत्येक जॉबची एक ट्रॉली करावी: जॉ, टूल, गेज, ड्रॉइंग, पहिल्या नगाचा फॉर्म. चालू जॉबचे शेवटचे दहा नग उरले की ट्रॉली मशीनजवळ आली पाहिजे आणि क्यूसीला निरोप गेला पाहिजे. ही व्यवस्था मोडते ती एकाच कारणाने: ट्रॉलीवरची ॲलन की कोणीतरी 'दोन मिनिटांसाठी' नेतो. म्हणून ट्रॉलीवर वस्तूंच्या आकाराची रेघ मारावी, रिकामी जागा लांबून दिसते.

फोनबद्दल थोडक्यात. 'प्रॉडक्शन' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिघडलेल्या नगाचा फोटो टाकला की काम झाले, असे सगळ्यांना वाटू लागले आहे. पाहणाऱ्या अकरा जणांपैकी प्रत्येकाला दुसरा कोणीतरी बघेल असे वाटते. बिघाडाचा निरोप एकाच माणसाला, नाव घेऊन द्यावा. सुपरवायझरने पाळीत तीन ठरलेल्या वेळी ग्रुप बघावा, आणि पाळीचा पहिला तास मालकांनी त्याला फोन करू नये. त्या तासात तो शॉपमध्ये फिरत असेल तर दिवसाची निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत.

आता शिकवणे. आपल्याकडे नवख्याला 'त्याच्याजवळ उभा राहा, बघ' एवढेच शिक्षण मिळते. वर सांगितलेल्या अभ्यासक्रमात याच्या चार पायऱ्या आहेत. आधी माणसाला तयार करणे, म्हणजे त्याला काय येते ते विचारणे आणि भीती घालवणे. मग काम करून दाखवणे: एकदा नुसते, दुसऱ्यांदा महत्त्वाचे मुद्दे सांगत, तिसऱ्यांदा ते मुद्दे का महत्त्वाचे ते सांगत. मग त्याला करायला लावणे, आणि करताना ते मुद्दे त्याच्याच तोंडून ऐकणे. शेवटी एकट्यावर सोडून आधी वारंवार, मग कमी वेळा जाऊन बघणे. तिसरी पायरी बहुतेक ठिकाणी गळते. 'कळले?' विचारले की मान डोलते, आणि मान डोलणे म्हणजे कळणे असे धरले जाते. फिक्श्चरवर (नग पकडून ठेवणाऱ्या साधनावर) कास्टिंग टेकवायच्या आधी तीन पॅड हवेने साफ का करायचे, हे त्याने स्वतः सांगितले पाहिजे. पॅडखाली चिप अडकली की नग तिरका बसतो आणि फेस कललेला निघतो. हे 'का' ठाऊक असलेला माणूस रात्री दोन वाजताही हवा मारतो.

आपल्या भागात याला भाषेची जोड आहे. एकाच लाइनवर खानापूर आणि चंदगडकडची मराठी, बैलहोंगलकडची कन्नड आणि फेटलिंगला (ओतीव नग घासून साफ करण्याच्या कामाला) बिहार-ओडिशाची हिंदी. भाषेचा वाद चौकात कितीही रंगो, क्रेनखाली तो परवडत नाही. वर, खाली, थांब. मेले, केळगे, निल्लु. ऊपर, नीचे, रुको. हे नऊ शब्द आणि त्यांचे हाताचे तीन इशारे येत नसतील त्याला क्रेनच्या पट्ट्यात उभे करू नये. कामाची माहिती फोटोंवर, फोटोंवर अंक, आणि खाली दोन ओळी कन्नडमध्ये, दोन मराठीत. पानभर इंग्रजी सूचना ऑडिटसाठी असतात, त्या फाइलमध्ये राहू द्याव्यात.

किती जणांना काय येते याचा तक्ता भिंतीवर असावा. डावीकडे नावे, वर मशीन, प्रत्येक चौकटीत वर्तुळ: पाव भरले तर शिकतोय, अर्धे तर देखरेखीखाली करतो, पाऊण तर एकटा करतो, पूर्ण तर दुसऱ्याला शिकवू शकतो. कुठल्याही मशीनच्या रकान्यात किमान तीन जण पाऊण किंवा वर असले पाहिजेत. ज्या रकान्यात एकच आहे तिथे तो माणूस आजारी पडायची वाट न बघता आजच शिकवणी सुरू करावी. हा तक्ता गैरहजेरीच्या पंचांगाशेजारी लावावा. आमच्याकडे गैरहजेरी आभाळातून पडत नाही. जुलैत खानापूरकडे रोप लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची सुगी, मग उसाची तोड, गणपती, दसरा, उत्तरेकडच्या मुलांची छठ आणि होळी. गावची महालक्ष्मी यात्रा असेल तर त्या गावातली सगळी माणसे चार दिवस मिळणार नाहीत, हे वर्षभर आधी कळलेले असते. जूनमध्येच प्रत्येकाला विचारून तारखा लिहून घ्याव्यात. विचारलेला माणूस सहसा सांगूनच जातो.

रात्री शेतीपंपाला वीज आली म्हणून उसाला पाणी पाजून, डोळे चोळत सकाळच्या पाळीला आलेला माणूस ओळखता येणे हीसुद्धा सुपरवायझरची विद्या आहे. त्याला त्या दिवशी लॅडलवर आणि क्रेनवर लावू नये, पॅकिंगला किंवा मोजणीला लावावे. त्याला सर्वांसमोर झापले तर पुढच्या वेळी तो झोप लपवायला शिकतो, आणि लपवलेली झोप जास्त धोक्याची. चूक झाली की आधी घडले काय ते दोन्ही बाजूंनी विचारणे, मग नियम आणि त्या माणसाचा आजवरचा इतिहास तोलणे, मग कृती, आणि आठवड्याने जाऊन परिणाम बघणे, हा क्रम ठेवावा. बोलणी बाजूला नेऊन, कौतुक जागेवर सर्वांदेखत. आपल्याकडे नेमके उलट चालते.

ओव्हरटाइमबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो, पण लिहितो. १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून जादा तासाला दुप्पट मजुरीचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र रोज दोन तास ओव्हरटाइम ठरलेलाच असेल तर काम त्या दोन तासांपर्यंत ताणले जाते. दुपारचा वेग मंदावतो आणि सहा वाजता परत येतो. यात कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही, घरखर्च त्या पैशांवर बसवलेला असतो. तो एकदम तोडला तर माणूस दुसरीकडे जातो. तासाच्या फळ्यावरून वाढलेल्या नगांचा काही हिस्सा बोनस म्हणून आधी सुरू करावा, मग ओव्हरटाइम आठवड्यातून एकेक दिवस कमी करावा. उलट क्रमाने केले तर महिन्यात येरे माझ्या मागल्या.

वडगाव-खासबागच्या मागांवर किंवा पतसंस्थेच्या काउंटरवर हे जसेच्या तसे चालणार नाही. मागावर मिनिटे जातात ती धागा तुटण्यात आणि बॉबिन संपण्यात, काउंटरवर ती जातात अपुऱ्या कागदांत. फळा, कारणे आणि आठवड्याला एक उपाय एवढे तरी तिथेही लागू पडते.

हे सगळे करायला बाहेरचा सल्लागार हवा असेल तर केंद्राच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची लीन योजना मार्च २०२३ पासून नव्या रूपात चालू आहे. बेसिक, इंटरमिजिएट आणि ॲडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या आहेत, आणि सल्लागाराच्या मार्गदर्शनाच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलते. मात्र सल्लागार निघून गेल्यावर फळा कोण भरणार, हे तो यायच्या आधी ठरलेले असावे.

आपल्या दैनिकामार्फत इथल्या उद्योजक संघटनांना आणि आयटीआय-पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांना एक विनंती आहे. हॉटेलच्या सभागृहात मालकांसाठी नेतृत्वाची व्याख्याने होतात, ती होऊ द्यावीत. त्याबरोबर सुपरवायझरसाठी दहा संध्याकाळींचा वर्ग काढावा, मराठी आणि कन्नड अशा दोन तुकड्या, एका तुकडीत बारापेक्षा जास्त नकोत. दोन संध्याकाळी पाळी सोपवणे आणि फळा, तीन शिकवण्यावर, दोन सेटिंगवर, दोन माणसांशी बोलण्यावर आणि एक हिशोबावर. प्रत्येकाने आपल्या शॉपमधला एक खरा जॉब घेऊन यायचा आणि वर्गातच दुसऱ्याला शिकवून दाखवायचा. फी मालकांनी भरावी, आणि त्या दिवशी त्या माणसाला दुसऱ्या पाळीला अडकवू नये. वर्ग पहिली पाळी सुटल्यावर तासाभराने ठेवावा. रविवारी नको, रविवारी माणसे शेतात असतात.

आपले,
उद्यमबाग-मच्छे परिसरातील कारखान्यांत उत्पादन आणि गुणवत्ता विभाग सांभाळणारे काही वाचक,
बेळगाव